श्रीविठ्ठल : महाराष्ट्राचे आराध्य दैवत

अखिल महाराष्ट्राचे आराध्य दैवत म्हणून पंढरीच्या श्रीविठ्ठलाचे नाव आदराने घेतले जाते. शेळगाव पंचक्रोशीतील माणसाला हे समजण्यास ग्रंथ उघडावा लागत नाही. ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून निघालेली जगद्गुरू तुकाराम महाराजांची पालखी बारामतीवरून याच भागात येते. काटेवाडीस परीट बांधव धोतरांच्या पायघड्या अंथरतात व पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवाडीस गोल रिंगण रंगते. अंथुर्णे, शेळगाव फाटा, निमगाव केतकी असे करीत पालखी इंदापुरास पोहोचते आणि पुढे सराटीस नीरेच्या पाण्यात पादुकांना स्नान घडते. संतांच्या पादुका पालखीतून पंढरीस नेण्याची ही प्रथा तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली सुरू केली. २०२० साली महामारीमुळे पादुका एस. टी. बसने न्याव्या लागल्या. पण वारी चुकली नाही.

या देवाचे रूपच वेगळे आहे. समचरण विटेवर, दोन्ही कर कटेवर. हातात शंख व कमळ आहे, शस्त्र मात्र नाही. भक्त पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता. त्याने भिरकावलेल्या विटेवर देव उभा राहिला आणि उभाच राहिला, अशी कथा आहे. देव दारी आला तरी हातातली सेवा टाकू नये, हा या कथेचा बोध. मूर्तीच्या मस्तकी शिवलिंग असल्याचे वारकरी मानतात. हरिहराचा भेद न मानणारे हे दैवत शैवांना व वैष्णवांना सारखेच जवळचे वाटले.

संशोधक डॉ. रा. चिं. ढेरे यांनी आपल्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात या देवाचे मूळ गवळी-धनगरांच्या श्रद्धेत शोधले आहे. कोल्हापूरकडे पट्टणकोडोलीस विठ्ठल-बिरदेव ही जोडी आजही पुजली जाते. काटेवाडीचे मेंढ्यांचे रिंगण ज्याने डोळ्यांनी पाहिले आहे, त्याला हे मत परके वाटणार नाही.

पंढरीचा लेखी पुरावाही जुना आहे. होयसळ राजा सोमेश्वर याच्या काळातील १२३७ सालच्या शिलालेखात या क्षेत्राचा व पुंडलिकाचा उल्लेख येतो. परंतु देणगीदारांनी विशेष ध्यानात घ्यावा असा लेख म्हणजे 'चौऱ्यांशीचा शिलालेख'. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ या काळात मंदिरासाठी दान देणाऱ्यांची नावे व रकमा त्यात कोरल्या आहेत. देवगिरीचा राजा रामदेवराव यादव व त्याचा मंत्री हेमाद्री यांची नावे त्यात आहेत. तशी ज्यांचे नाव दुसऱ्या कोणत्याही इतिहासात सापडणार नाही अशा साध्या माणसांचीही आहेत. राजाचे दान व रयतेचे दान एकाच दगडावर आले. साडेसातशे वर्षांपूर्वीची ती देणगीदारांची यादीच होय.

मात्र याच मंदिराच्या इतिहासात एक उणेही आहे, आणि ते झाकून ठेवणे देवालाही रुचणार नाही. संत चोखोबांची भक्ती देवाने मानली, पण माणसांनी त्यांना आत येऊ दिले नाही. त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. देवापासून काही पावलांवर, पण उंबऱ्याबाहेर. हा उंबरा सर्वांसाठी मोकळा व्हावा म्हणून साने गुरुजींनी गावोगाव फिरून लोकमत जागे केले व १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभिले. १० मे रोजी उपोषण सुटले आणि मंदिराचा मार्ग हरिजन बांधवांस खुला झाला. देश स्वतंत्र होण्याच्या केवळ तीन महिने आधीची ही गोष्ट. चोखोबांना सहाशे वर्षांनी मिळालेला हा न्याय होता.

अलीकडे पंढरीच्या मंदिराचेही जतनकार्य झाले. त्यासाठी १५ मार्च २०२४ पासून पदस्पर्शदर्शन काही काळ बंद ठेवण्यात आले. मागाहून बसविलेल्या गुळगुळीत फरश्या काढून मूळचा काळा पाषाण मोकळा करण्यात आला. काम चालू असतानाच मे महिन्याच्या अखेरीस जमिनीखाली एक तळघर लागले व त्यात जुन्या मूर्ती मिळाल्या. फरशीखाली काय दडले आहे याची दररोज वरून चालणाऱ्या हजारोंना कल्पनाही नव्हती. यातून प्रत्येक गावाने घेण्यासारखा धडा आहे. नवा रंग, नवी फरशी, उंच शिखर यांनी शोभा येते खरी. परंतु जुना कोरीव दगड, वीरगळ, अक्षरे असलेली शिळा यांपैकी काहीही बांधकामात चिणून टाकू नये. एकदा गेलेले अक्षर पुन्हा मिळत नाही.

जीर्णोद्धार म्हणजे केवळ जुन्याच्या जागी नवे बांधणे नव्हे. पूर्वजांनी ठेवलेले सांभाळणे आणि पूर्वजांकडून राहून गेलेले पुरे करणे, हे दोन्ही त्यात येते. दगड सांभाळावा आणि उंबरा मोकळा ठेवावा. एखाद्याने लाख दिले, एखाद्या माउलीने पदराच्या गाठीचे दहा रुपये सोडले, कोणी आठ दिवस अंगमेहनत केली. चौऱ्यांशीच्या शिळेप्रमाणे देवापुढे या साऱ्यांची ओळ एकच. आषाढात टाळ-मृदंगाच्या घोषात पालखी फाट्यावरून जाईल, तेव्हा शेळगावकरांनी नव्या शिखराकडे पाहून हीच गोष्ट आठवावी.

॥ राम कृष्ण हरी ॥