दुनायेत्स खोरे : नदीकाठची जुनी चर्चे आणि वारसा

दुनायेत्स खोरे : दक्षिण पोलंडच्या मावोपोल्स्का प्रांतातील डोंगराळ ग्रामीण प्रदेश. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील लाकडी चर्चे, नदीवर समोरासमोर उभे असलेले सीमेवरचे किल्ले आणि तराफ्यांची जिवंत परंपरा यांसाठी तो प्रसिद्ध आहे. तात्रा पर्वतातून येणाऱ्या चार्नी (काळी) दुनायेत्स आणि ब्याऊई (पांढरी) दुनायेत्स या नद्यांचा संगम नोवी तार्ग या गावी होतो आणि तेथून पुढच्या प्रवाहाला दुनायेत्स म्हणतात. चार्नी दुनायेत्ससह नदीची लांबी सुमारे २४७ किमी. आहे. पूर्वेकडे आणि नंतर उत्तरेकडे वाहत ती ओपातोव्येत्सजवळ व्हिस्तुला नदीला मिळते.

या खोऱ्यातील वास्तूंची वर्णने बहुधा एकेकट्या चर्चची म्हणून लिहिली जातात. त्यामुळे मुख्य गोष्ट निसटते. गावे वसली ती नदीकाठी. नदीच अनेक शतके दोन राज्यांची सीमा होती, लाकूड वाहून नेणारा रस्ता होती आणि पूर आणणारीही तीच होती. विसाव्या शतकात तिच्यावर धरणे झाली, तेव्हा कोणती वास्तू राहणार आणि कोणती जाणार हे पाण्याच्या पातळीवरून ठरले. म्हणून येथील चर्चे नदीसकट पाहावी लागतात.

सीमा : वरच्या खोऱ्यात दुनायेत्स आणि तिला मिळणारी ब्याऊका या नद्यांच्या एका बाजूला पोलंडचे पोदहाले, तर दुसऱ्या बाजूला हंगेरीच्या राजवटीतील स्पिश हा प्रदेश होता. १९२० मध्ये स्पिशचा एक भाग पोलंडला मिळाला. तोवरच्या या दुभंगाच्या खुणा आजही दिसतात. चोर्श्तिनचा किल्ला पोलिश राजाचा, तर समोरचा न्येजित्साचा किल्ला हंगेरियन सरदारांचा. न्येजित्साचा किल्ला चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून कागदपत्रांत आढळतो आणि हंगेरियन घराण्यांकडे तो दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत राहिला. या जहागिरीत जमीन कसण्याच्या बदल्यात मालकाची वेठ करण्याची पद्धत १९३१ मध्ये कायद्याने बंद झाली. किल्ल्याच्या दालनांतून फिरणाऱ्याने हे साल विसरू नये. चोर्श्तिनचा किल्ला अठराव्या शतकाच्या अखेरीस वीज पडून जळाला. पुढे तो दुरुस्त झाला नाही, आज त्याचे अवशेष उभे आहेत.

देंब्नो : ब्याऊका आणि दुनायेत्स यांच्या संगमाजवळील या लहान गावातील संत मायकेल (महादूत) यांचे चर्च हा खोऱ्याचा मुकुटमणी आहे. बांधकाम पंधराव्या शतकाच्या अखेरचे. भिंती लार्च वृक्षाच्या तासलेल्या ओंडक्यांच्या. ओंडके आडवे एकावर एक रचलेले, कोपऱ्यात खाचा पाडून एकमेकांत अडकवलेले आणि लाकडी खुंट्यांनी पक्के केलेले. या सांगाड्यात लोखंडी खिळा वापरलेला नाही. ओले-कोरडे होताना लाकूड फुगते आणि आकसते. खाचांच्या सांध्यात त्याला हलायला वाव राहतो, भिंत मात्र सुटत नाही. पाचशे वर्षांच्या बर्फाळ हिवाळ्यांत इमारत टिकली, त्यात या सुतारकामाचा वाटा मोठा आहे.

उंच, तीव्र उताराचे छप्पर लाकडी कौलांचे आहे, त्यामुळे बर्फ साचून न राहता घसरून पडतो. पश्चिमेकडील मनोरा १६०१ चा असून त्याच्या भिंती वर निमुळत्या होत जातात. चर्चला भोवताली बुटकी पडवी आहे. लांबच्या वाड्यांवरून चालत आलेल्या माणसांना मिस्सा सुरू होईपर्यंत तिथे आसरा मिळे आणि भिंतींच्या पायथ्याचे ओंडकेही पावसापासून वाचत. पोलंडच्या अनेक लाकडी चर्चना अशी पडवी आहे.

आत शिरताच डोळ्यांत भरते ते रंगकाम. साधारण १५०० च्या सुमारास छताच्या फळ्या, भिंती, तुळया आणि सज्जाचा कठडा असे जवळजवळ सारे लाकूड स्टेन्सिलने रंगवले गेले. कापलेला साचा फळीवर धरून त्यावरून रंग फिरवायचा, साचा पुढे सरकवायचा आणि तीच नक्षी पुन्हा उठवायची. आपल्याकडील रांगोळीच्या छाप्यांशी ही रीत जुळते. वेली, फुले, भूमितीचे आकार, गॉथिक कमानी, प्राणी अशा सत्त्याहत्तर नक्षीप्रकारांची आणि तेहतीस रंगछटांची नोंद अभ्यासक देतात. रंगवणाऱ्यांची नावे उरलेली नाहीत. लाल, हिरवा आणि काळा हे रंग अजून ठळक आहेत. हे रंगकाम पुढच्या शतकांत नव्या चित्रांनी झाकले गेले नाही, हे भाग्यच. श्रीमंत गावांच्या चर्चमध्ये दर पिढीने आपली हौस भागवली आणि जुने पुसले गेले. देंब्नो त्यातून सुटले, म्हणून उत्तर-गॉथिक काळातील रंगवलेल्या लाकडी सभामंडपाचे इतके अखंड उदाहरण युरोपात फार थोड्या ठिकाणी आढळते.

मुख्य वेदीवर तीन फलकांचा वेदीपट आहे. मध्ये बाळ येशूसह मारिया, तिच्या एका बाजूला संत मायकेल आणि दुसऱ्या बाजूला संत कॅथरिन. सभामंडप आणि वेदीचा भाग यांच्यामधील तुळईवरचा क्रूस इमारतीहूनही जुना, सुमारे १३८० चा आहे. आधीच्या चर्चमधून तो येथे आला असावा. आणखी एक दुर्मीळ वस्तू म्हणजे लाकडी पट्ट्यांचे छोटे वाद्य. त्याचे सूर मिस्सेच्या वेळी घंटेऐवजी वाजवले जात. २००३ मध्ये युनेस्कोने दक्षिण मावोपोल्स्का प्रदेशातील सहा लाकडी चर्चे जागतिक वारसा यादीत घेतली. देंब्नो त्यांपैकी एक असून बिनारोवा, ब्लिझ्ने, हाचुफ, लिप्नित्सा मुरोवाना आणि सेंकोवा ही इतर पाच होत. पोलंडमध्ये अनेकांना मात्र हे चर्च दूरदर्शन मालिकेतील लग्नामुळे ओळखीचे आहे. डोंगरी बंडखोर यानोशिक याच्यावरील १९७० च्या दशकातील लोकप्रिय मालिकेत त्याच्या लग्नाचा प्रसंग येथे चित्रित झाला होता.

वरच्या खोऱ्यातील इतर चर्चे : नोवी तार्गच्या दफनभूमीतील संत अ‍ॅन यांचे लाकडी चर्च १२१९ मध्ये डाकूंनी पापक्षालनासाठी बांधले, अशी आख्यायिका आहे. प्रत्यक्ष इमारत बरीच नंतरची आहे. वोपुश्ना आणि हार्क्लोवा या शेजारच्या गावांची चर्चे देंब्नोच्याच पिढीतील आहेत. वोपुश्ना येथील वेदीपटावर मारियेच्या राज्याभिषेकाचे पंधराव्या शतकातील चित्र आहे. याच गावात धर्मगुरू आणि तत्त्वचिंतक युझेफ तिश्नेर (१९३१–२०००) लहानाचे मोठे झाले आणि येथेच त्यांचे दफन झाले. या डोंगराळ भागातील लोकांना गुराले म्हणतात. तिश्नेर यांनी तत्त्वज्ञानाचा इतिहास या गुरालेंच्या बोलीत लिहिला. प्येनिनी डोंगरांच्या पायथ्याशी ग्रिवाऊद येथील संत मार्टिन यांचे चर्चही पंधराव्या शतकाच्या अखेरचे आहे. त्याच्या भिंतींवरील चित्रे १६१८ ची.

स्पिशच्या बाजूला त्रिब्श गावात १५६७ चे लाकडी चर्च आहे. ते हंगेरीच्या संत एलिझाबेथ यांना वाहिलेले आहे, म्हणजे जुनी सीमा येथे नावातूनच ओळखता येते. १६४७ मध्ये रंगवलेल्या त्याच्या छतावरील एका चित्राच्या पार्श्वभूमीला डोंगरांची रांग आहे. पोलंडमधील तात्रा पर्वताचे सर्वांत जुने विस्तृत चित्र म्हणून ती ओळखली जाते. गावच्या चर्चमधील चित्रकाराने स्वर्गाच्या देखाव्याखाली आपल्या दारातले डोंगर काढले. या खोऱ्यातील कलेची ही जवळीक देंब्नोच्या नक्षीइतकीच मोलाची आहे. जवळच्या फ्रिदमान गावातील संत स्तानिस्लाव यांचे चर्च दगडी असून परिसरातील सर्वांत जुन्या चर्चमध्ये मोडते. गावात एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीची दुमजली तळघरे आहेत. हंगेरीहून उत्तरेकडे जाणारी वाइन तेथे साठवली जाई.

घळई आणि तराफे : स्रोमोव्त्से ते श्चाव्नित्सा या टप्प्यात नदी चुनखडीच्या प्येनिनी डोंगरांतून वाट काढते. सरळ रेषेत तीन किमी.हून कमी असलेले अंतर ती वळणे घेत सुमारे आठ किमी. वाहून पार करते. डाव्या काठावर तीन मुकुट (त्शी कोरोनी) या नावाचे ९८२ मी. उंचीचे शिखर आहे, तर उजवा काठ बराचसा स्लोव्हाकियाचा. पोलंड आणि तत्कालीन चेकोस्लोव्हाकिया यांनी १९३२ मध्ये येथे दोन्ही काठांवर संरक्षित निसर्गक्षेत्रे स्थापली. सीमेपलीकडे पसरलेल्या अशा संयुक्त संरक्षणाचा युरोपातील हा पहिला प्रयत्न मानतात.

येथील तराफेवाल्यांना फ्लिसाक म्हणतात. पूर्वी झाडाचे खोड कोरून केलेल्या होड्या वापरत. आता त्या फळ्यांच्या असतात. पाच अरुंद होड्या शेजारी-शेजारी दोराने बांधल्या की एक तराफा तयार होतो, आणि पाणी आत उडू नये म्हणून पुढच्या टोकाला स्प्रूसच्या हिरव्या डहाळ्या खोचतात. दोघे फ्लिसाक लांब काठ्यांनी तो वळवतात. भरतकाम केलेली निळी बंडी हा त्यांचा पोशाख. एकोणिसाव्या शतकात श्चाव्नित्साच्या औषधी झऱ्यांचे मालक युझेफ शालाय यांनी पाहुण्यांसाठी या सफरी नियमित केल्या. १९३४ मध्ये फ्लिसाकांनी आपली संघटना उभारली आणि व्यवसाय आजही तिच्याच हाती आहे. तो पिढ्यान्‌पिढ्या काठावरच्या त्याच गावांत चालतो. स्रोमोव्त्से निझ्ने येथे सोळाव्या शतकातील संत कॅथरिन यांचे छोटे लाकडी चर्च आहे. त्याच्या समोर, स्लोव्हाक काठावर, चौदाव्या शतकात स्थापन झालेला लाल मठ. सम्राट दुसरा जोसेफ याने १७८२ मध्ये तो बंद केला. तेथील ब्रदर सिप्रियन याने जमवलेला वनस्पतिसंग्रह जतन झाला आहे. याच साधूने पंख बांधून डोंगरावरून उड्डाण केले, असे लोक सांगतात.

किंगा आणि श्व्येराद : दुनायेत्स आणि पोप्राद यांच्या संगमाजवळील स्तारी सोंच येथे क्रॅकोचा ड्यूक बोलेस्लाव याची विधवा पत्नी किंगा हिने १२८० मध्ये क्लारा पंथाच्या जोगिणींचा मठ स्थापला. १२८७ मधील तातार स्वारीत ती जोगिणींसह प्येनिनीच्या गडावर आश्रयाला गेली, असे मानतात. पाठलाग होत असता तिने फेकलेली फीत दुनायेत्स नदी झाली, असे लोककथा सांगते. किंगाचे निधन १२९२ मध्ये झाले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १६ जून १९९९ रोजी स्तारी सोंच येथेच तिला संतपद दिले. मठात आजही जोगिणी राहतात.

खाली, च्खुफ जलाशयाच्या काठी, खडकावर त्रोप्येचे चर्च उभे आहे. ते दगडी असून त्याचे मूळ रोमनेस्क काळापर्यंत जाते. अकराव्या शतकातील तपस्वी अँड्र्यू श्व्येराद याने या परिसरात एकांतवास केला, अशी परंपरा आहे. पुढे तो आजच्या स्लोव्हाकियातील नित्रा भागात गेला. त्याचे चरित्र बिशप मौरुस यांनी त्याच शतकात लिहिले. उपवासकाळासाठी मोजून चाळीस अक्रोड घेणे आणि कंबरेची साखळी मांसात रुतेपर्यंत न काढणे, असे प्रसंग त्यात येतात. १०८३ मध्ये त्याला संत घोषित केले गेले. पर्यटक बहुधा देंब्नोहून परत फिरतात. तरी नदी आणि चर्च यांचे नाते प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर त्रोप्येइतकी दुसरी जागा खोऱ्यात नाही.

पूर आणि धरणे : जुलै १९३४ मध्ये आलेल्या महापुरात दुनायेत्सच्या खोऱ्याचे अतोनात नुकसान झाले. त्या आपत्तीत पंचावन्न माणसे दगावली. पुढच्याच वर्षी रोझ्नुफ धरणाचे काम सुरू झाले आणि युद्धकाळात ते पुरे झाले. त्याखालचे च्खुफ धरण युद्धानंतर पूर्ण झाले. चोर्श्तिन-न्येजित्सा येथील धरणाची कथा अधिक लांबली आणि अधिक वादाचीही ठरली. १९७० च्या दशकात वेग घेतलेल्या या कामाला १९८० च्या दशकाच्या अखेरीस निसर्गरक्षक कार्यकर्त्यांनी जोरदार विरोध केला. मान्योवी गाव उठवून उंचावर नव्याने वसवावे लागले आणि जुने गाव जलाशयाखाली गेले. चोर्श्तिनची काही जुनी लाकडी घरे सुटी करून क्लुश्कोव्त्सेजवळच्या स्तिल्खिन द्वीपकल्पावर पुन्हा उभारली. फ्रिदमान आणि देंब्नो ही गावे मात्र बाजूचे बांध घालून वाचवण्यात आली. ते झाले नसते तर युनेस्कोच्या यादीत देंब्नोचे चर्च आज नसते.

सुमारे ५६ मी. उंचीचे हे मातीचे धरण जुलै १९९७ मध्ये सुरू झाले, आणि त्याच महिन्यात पोलंडवर मोठा पूर आला. जलाशयाने पुराची लाट अडवल्यामुळे खालची गावे मोठ्या हानीतून बचावली. धरणाविरोधातील आक्षेप त्यामुळे खोटे ठरले, असे म्हणणे योग्य नाही. मान्योवीच्या लोकांची शेते, घरे आणि जुना परिसर गेला तो कायमचा. न्येजित्साचा किल्ला पूर्वी दरीतल्या नदीवर उंच उभा दिसे. आता तो तळ्याकाठी दिसतो, आणि छायाचित्रांतून जगाला ठाऊक झालेले हे सुंदर दृश्य अलीकडचे आहे.

जतन : लाकडी चर्चचा खरा शत्रू आग. बंद जागेत शतकानुशतके वाळलेले लाकूड मिनिटांत पेटते. म्हणून अशा अनेक चर्चमध्ये धूर ओळखणारी यंत्रणा आणि बारीक तुषारांनी आग विझवण्याची सोय केली गेली आहे. जाड धारेने रंगकामच धुऊन जाईल, म्हणून तुषार. छपरावरची लाकडी कौले ठरावीक काळाने बदलावी लागतात आणि ती पारंपरिक पद्धतीने घडवणारे कारागीर टिकणे आवश्यक असते. मावोपोल्स्का प्रांतात २००१ पासून लाकडी वास्तूंचा एक मार्ग आखला गेला असून त्यावर अडीचशेहून अधिक वास्तू आहेत. नोवी सोंच येथील खुल्या संग्रहालयात इतर गावांतून हलवलेली रोमन कॅथलिक, ग्रीक कॅथलिक आणि प्रोटेस्टंट प्रार्थनास्थळे पाहता येतात. मात्र खोऱ्यातील बहुतेक जुनी चर्चे आपल्या मूळ जागी आहेत आणि अनेकांत नित्याची उपासना चालते. हार्क्लोवा, ग्रिवाऊद आणि त्रिब्श यांना देंब्नोइतकी प्रसिद्धी मिळालेली नाही. त्यांच्या जतनासाठी निधी आणि लक्ष यांची निकड मात्र देंब्नोपेक्षा कमी नाही.