सेगा : कन्सोल बुडाले, सोनिक तरला

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं अशा मंडळींसाठी हा भाग इथे लिहून देतोय. थोडं नीटनेटकं केलंय, बाकी बोललोय तसंच आहे.

आजचा विषय आहे सेगा. आपल्याकडे घरोघरी जो ‘टीव्ही गेम’ असायचा, तो बहुतेक वेळा निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल असायचा. त्यामुळे मारिओ आणि काँट्रा आपल्याला तोंडपाठ, पण सेगा म्हटलं की फार तर निळा, काटेरी, सुसाट पळणारा सोनिक आठवतो. याच सेगाने एकेकाळी अमेरिकेत निन्टेन्डोच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. मग अवघ्या दहाएक वर्षांत ही कंपनी कन्सोलच्या धंद्यातून बाहेर कशी पडली? नेहमीचं उत्तर असतं, ‘सोनीचं प्लेस्टेशन आलं आणि सेगा संपली.’ मला हे उत्तर अर्धवट वाटतं. का, ते सांगतो.

आधी थोडं मागे जाऊ. ‘सेगा’ हे नाव ‘सर्व्हिस गेम्स’ या दोन शब्दांच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून आलंय. कंपनी जपानी, पण तिची मुळं अमेरिकी लष्करी तळांवर नाणी टाकून खेळायची यंत्रं पुरवणाऱ्या धंद्यात आहेत. १९६५ साली डेव्हिड रोझेन यांची कंपनी तिच्यात विलीन झाली, आणि पुढच्याच वर्षी आलेल्या ‘पेरिस्कोप’ या पाणबुडीच्या खेळाने सेगाला जगभर नेलं. म्हणजे सेगाचा पिंड आर्केडचा. दुकानात मोठं, चकचकीत यंत्र ठेवायचं, लोकांना थांबवायचं आणि नाणं टाकायला लावायचं.

घरातल्या कन्सोलमध्ये मात्र सुरुवातच अवघड झाली. सेगाचा पहिला कन्सोल, एसजी-१०००, जपानमध्ये आला १५ जुलै १९८३ला. त्याच दिवशी निन्टेन्डोचा फॅमिकॉमही आला! पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. नंतरच्या मास्टर सिस्टिमने ब्राझीलमध्ये चांगलाच जम बसवला, पण जपान आणि अमेरिकेत निन्टेन्डोच राजा राहिला.

चित्र पालटलं ते १६-बिटच्या जमान्यात. १९८८ साली जपानमध्ये मेगा ड्राइव्ह आला आणि पुढच्या वर्षी तोच कन्सोल अमेरिकेत ‘जेनेसिस’ नावाने गेला. १९९० साली सेगाच्या अमेरिकी शाखेची सूत्रं टॉम कॅलिन्स्की यांच्याकडे आली. हे गृहस्थ खेळण्यांच्या धंद्यातले, आधी मॅटेलमध्ये होते. त्यांचा बेत सरळ होता : कन्सोलची किंमत उतरवा, आपला सगळ्यात चांगला गेम त्याच्यासोबत फुकट द्या आणि जाहिरातीत निन्टेन्डोची उघड खिल्ली उडवा. जपानमधल्या वरिष्ठांना हे पटलं नव्हतं, तरी अध्यक्ष हायाओ नाकायामा यांनी मोकळीक दिली, असं कॅलिन्स्की यांनीच नंतर सांगितलंय.

तो फुकट द्यायचा गेम म्हणजे १९९१चा ‘सोनिक द हेजहॉग’. प्रोग्रॅमिंग युजी नाका यांचं, पात्राचं रेखाटन नाओतो ओशिमा यांचं आणि लेव्हल्सची आखणी हिरोकाझू यासुहारा यांची. मारिओ उड्या मारतो, सोनिक पळतो. हा वेग हीच जेनेसिसची जाहिरात झाली. अमेरिकेच्या १६-बिट बाजारात काही काळ सेगा चक्क निन्टेन्डोच्या पुढे होती.

आता इथून गंमत संपते.

जेनेसिसला जोडायचं सीडीचं उपकरण आधीच बाजारात होतं. त्यात नोव्हेंबर १९९४मध्ये अमेरिकेत ‘३२एक्स’ आलं, म्हणजे जेनेसिसवर बसवायचा आणखी एक जोड, किंमत १५९ डॉलर. आणि त्याच आठवड्यात जपानमध्ये सेगाने ‘सॅटर्न’ हा पूर्णपणे नवा कन्सोल आणला! ३२एक्सचे गेम सॅटर्नवर चालत नव्हते. म्हणजे अमेरिकेत एखाद्या घरात नाताळला हौसेने ३२एक्स आणलं, आणि वर्षभरात कळलं की कंपनीचं लक्ष भलतीकडेच आहे. थोड्याच काळात ३२एक्ससाठी नवे गेम येणंही थांबलं. त्या घराने पुढच्या वेळी सेगाच्या डब्यावर पैसे घालताना दहादा विचार केला असेल की नाही?

हा ग्राहकांचा विश्वास. आता दुकानदारांचा.

सॅटर्न अमेरिकेत २ सप्टेंबर १९९५ला येणार, असं जाहीर झालं होतं. पण ११ मे रोजी लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात कॅलिन्स्की यांनी सांगितलं की सॅटर्न आजच दुकानात आहे, किंमत ३९९ डॉलर! प्लेस्टेशनच्या आधी बाजार गाठायचा, हा हेतू. पण माल मिळाला होता फक्त चार साखळी दुकानांना. वगळलेले दुकानदार भडकले, आणि केबी टॉइजने तर सेगाचा माल ठेवणंच बंद केलं. सप्टेंबरच्या हिशोबाने काम करणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांचे गेमही तयार नव्हते. त्याच प्रदर्शनात सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, ‘२९९’ एवढा एकच आकडा उच्चारला आणि खाली उतरले. शंभर डॉलरचा फरक! टाळ्यांचा कडकडाट झाला.

तिसरा विश्वास डेव्हलपर्सचा, आणि इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. सॅटर्नमध्ये हिताचीचे दोन एसएच-२ प्रोसेसर होते. ऐकायला भारी, पण दोघांची मेमरीकडे जाणारी वाट एकच. एक जण मेमरीशी बोलत असला की दुसऱ्याने थांबायचं. कामाची वाटणी प्रोग्रॅमरनेच जपून करायची. चित्रासाठी आणखी दोन वेगळ्या चिप. त्यात थ्रीडी आकृती बहुतेक ठिकाणी त्रिकोणांनी बनत असताना सॅटर्न चौकोन वापरत होता. आज मल्टिथ्रेडेड कोड लिहिताना आपल्या हाताशी केवढी साधनं असतात, तरी घाम फुटतो. तेव्हा तर बरंचसं काम असेंब्लीत चालायचं. प्लेस्टेशनवर हेच काम बरंच सोपं होतं. मग बाहेरची कंपनी आधी कोणासाठी गेम बनवेल?

सॅटर्न जपानमध्ये ‘व्हर्च्युआ फायटर’च्या जोरावर बरा चालला, हे सांगायला हवं. पण सोनिकचा मुख्य मालिकेतला नवा गेम सॅटर्नवर आलाच नाही. ‘सोनिक एक्स-ट्रीम’चं काम रखडत गेलं आणि शेवटी रद्द झालं. सॅटर्न जगभरात विकला गेला सुमारे ९३ लाख, आणि प्लेस्टेशन दहा कोटींच्या वर.

म्हणून मी म्हणतो की नुसतं ‘सोनी आली’ हे उत्तर पुरत नाही. सोनी आली तेव्हा सेगाने आपल्या बाजूची माणसं आधीच दुखावून ठेवली होती.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पुढचा कन्सोल ‘ड्रीमकास्ट’ बनवताना सेगाने तेच केलं. एकच ताकदवान प्रोसेसर, डेव्हलपर्सना सोपी रचना आणि सोबत इंटरनेटसाठी मोडेम. अमेरिकेत तो ९ सप्टेंबर १९९९ला आला, १९९ डॉलरला. ‘शेनमू’, ‘क्रेझी टॅक्सी’, ‘जेट सेट रेडिओ’, ‘फँटसी स्टार ऑनलाइन’... सेगाच्या लोकांनी जीव ओतला. पण ईए स्पोर्ट्सचे गेम ज्यांचे, त्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ड्रीमकास्टसाठी एकही गेम केला नाही. साध्या सीडीवर कॉपी केलेले गेम चालवायची पळवाटही सापडली. आणि समोर डीव्हीडी चालवणारं, जुने गेमही घेणारं प्लेस्टेशन २ उभं होतं. चांगलं यंत्र बनवता येतं, पण गेलेली पत एका यंत्राने परत येत नाही.

३१ जानेवारी २००१ला सेगाने जाहीर केलं की ड्रीमकास्टचं उत्पादन थांबवतोय, यापुढे आम्ही फक्त गेम बनवू.

कंपनी तेव्हाच बंद पडली असती. ती का पडली नाही? सेगाचे प्रमुख इसाओ ओकावा यांनी १९९९ साली स्वतःच्या खिशातून कंपनीला ५० कोटी डॉलर कर्ज दिलं होतं. मार्च २००१मध्ये त्यांचं निधन झालं. त्याच्या थोडंच आधी त्यांनी ते सगळं कर्ज माफ केलं, आणि वर सुमारे ६९.५ कोटी डॉलरचे आपले शेअर्स कंपनीला देऊन टाकले. आजारी माणसाने आपली पुंजी एका हरलेल्या कंपनीच्या झोळीत टाकली. त्या पैशांवर शेकडो लोकांना गेम बनवत राहता आलं.

त्याच वर्षाच्या शेवटी सोनिक निन्टेन्डोच्या कन्सोलवर आला. ज्याची खिल्ली उडवत मोठा झाला, त्याच्याच घरी! २००७ला तर मारिओ आणि सोनिक एकाच ऑलिम्पिकच्या गेममध्ये धावले. मधल्या काळात सेगा सॅमी या कंपनीसोबत एकत्र आली, ‘याकुझा’सारखी नवी मालिका उभी राहिली, ‘फुटबॉल मॅनेजर’ बनवणारा स्टुडिओ सेगाने घेतला. आज सेगाचा नवा कन्सोल बाजारात नाही, पण तिचे गेम तेव्हाच्या सगळ्या प्रतिस्पर्ध्यांच्या कन्सोलवर आहेत.

तुमच्यापैकी कोणी खरा मेगा ड्राइव्ह किंवा ड्रीमकास्ट वापरलाय का? असेल तर कॉमेंटमध्ये नक्की सांगा, आणि कोणता गेम खेळायचात तेही लिहा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, खेळत राहा!