टोपी काळी, टोपी पांढरी

१८३४ च्या सुमारास फ्रान्समधल्या बोर्दो शहराच्या रोखेबाजारात ब्लांक बंधूंचा अंदाज सहसा चुकत नसे. पॅरिसमध्ये सरकारी रोखे चढले की उतरले, ही बातमी टपालाच्या घोडागाडीने बोर्दोला पोचायला काही दिवस लागत. या भावांना मात्र ती आधीच कळलेली असे.

फ्रान्सभर तेव्हा टेकड्यांवर निरोपाचे मनोरे होते. एका मनोऱ्यावरचे लाकडी हात ठरलेल्या कोनांत फिरवायचे, पुढच्या मनोऱ्यावरच्या माणसाने दुर्बिणीतून पाहून आपले हात तसेच फिरवायचे, आणि निरोप शेकडो किलोमीटर जायचा. ही सोय फक्त सरकारी कामासाठी होती. ब्लांक बंधूंनी वाटेवरच्या तूर शहरातला एक कर्मचारी पैसे चारून फोडला. सरकारी निरोपात तो मुद्दाम एक चुकीची खूण घुसडी आणि लगोलग ‘मागची खूण रद्द’ अशी सूचना देई. बोर्दोचा कारकून चूक गाळून निरोप उतरवून घेई. मनोऱ्यावर लांबून डोळा ठेवणाऱ्या साथीदाराला तेवढी चूकच हवी असे; रोखे चढले की उतरले, ते तिच्यावरूनच कळे. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग तूरचा माणूस आजारी पडला, आपल्या जागी काम चालवावं म्हणून त्याने एका मित्राला विश्वासात घेतलं, आणि बिंग फुटलं. खटला उभा राहिल्यावर कळलं, की असल्या वापराविरुद्ध कायदाच नाही! तो १८३७ मध्ये झाला. भावांपैकी फ्रांस्वा ब्लांकने पुढे मोंते कार्लोचा कॅसिनो भरभराटीला आणला.

दुसऱ्याच्या यंत्रणेत असं घुसणाऱ्यांना आज हॅकर म्हणतात, आणि त्यांची टोप्यांवरून वर्गवारी होते. चोरी करणारे काळ्या टोपीचे, परवानगी घेऊन यंत्रणेतल्या फटी शोधून देणारे पांढऱ्या टोपीचे, आणि न विचारता घुसून वर ‘तुमच्या भल्यासाठीच’ म्हणणारे करड्या टोपीचे. ही रंगसंगती जुन्या काउबॉय चित्रपटांतून आली. सांगायला ती सोपी आहे, पण इतिहासात माणसं इतकी निमूटपणे एका रांगेत उभी राहत नाहीत.

करड्या टोपीचा जुना मानकरी म्हणजे लंडनचा जादूगार नेव्हिल मास्केलिन. मार्कोनीचे बिनतारी संदेश इतर कुणाला पकडता येणार नाहीत, असा दावा तेव्हा केला जात होता. ४ जून १९०३ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रात्यक्षिक सुरू होण्याच्या बेतात असताना यंत्र अचानक ‘उंदीर, उंदीर’ असं टिकटिकू लागलं, पाठोपाठ मार्कोनीची टिंगलही आली. व्याख्याते फ्लेमिंग यांनी संतापून ‘द टाइम्स’ला पत्र लिहिलं. मास्केलिनने त्याच वर्तमानपत्रातून उजळ माथ्याने कबुली दिली, की दाव्यातला फोलपणा लोकांना दाखवायचा होता. आता हे लोकहिताचं काम म्हणावं, तर बिनतारीमुळे धंदा धोक्यात आलेल्या एका केबल कंपनीने त्याला पैसे दिले होते.

टोपीचा रंग ठरवणं अवघड जावं असा आणखी एक जण म्हणजे कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस. २ नोव्हेंबर १९८८ रोजी त्याने इंटरनेटवर सोडलेल्या ‘वर्म’ने, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमने, काही हजार संगणक जागच्या जागी बसवले. त्यातला एक तपशील बोलका आहे. पासवर्ड ओळखण्यासाठी या वर्मजवळ जेमतेम ४३२ शब्दांची यादी होती, आणि तेवढ्यावरही कितीतरी खाती उघडली. अमेरिकेच्या १९८६ च्या संगणक-गैरवापर कायद्याखाली ज्युरीने दोषी ठरवलेला तो पहिला माणूस. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला.

मार्कस हचिन्सच्या टोपीचा रंग तर कुठल्या वर्षाबद्दल बोलतो आहोत, त्यावर ठरतो. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या विषाणूने ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचे संगणक अडवून खंडणी मागितली. इंग्लंडमध्ये घरी बसून काम करणाऱ्या या तरुणाला त्या विषाणूत एक अनोळखी वेबपत्ता दिसला. तो पत्ता त्याने नोंदवून टाकला आणि फैलाव थांबला. ऑगस्टमध्ये अमेरिकेत त्याला अटक झाली, ती आधी लिहिलेल्या बँकचोरीच्या सॉफ्टवेअरबद्दल. गुन्हा त्याने कबूल केला. न्यायाधीशांनी दोन्ही बाजू पाहून तुरुंगवास टाळला. वॉनाक्राय ज्या फटीतून शिरला ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी ‘नंतर बघू’ म्हटलं, ते अडकले.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरच्या दरोड्याला कुठल्याच रंगाची टोपी बसत नाही. एटीएममध्ये कार्ड घातलं की ‘पैसे देऊ का?’ ही विचारणा स्विच नावाच्या यंत्रणेमार्फत बँकेपर्यंत जाते. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, ती वाटेतच अडत होती आणि बनावट स्विच परस्पर होकार देत होता. नकली कार्डं घेतलेली माणसं २८ देशांत एटीएमसमोर उभी होती. सुमारे दोन तासांत परदेशातून ७८ कोटी आणि भारतातून अडीच कोटी रुपये निघाले. सोमवारी आणखी जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये यामागे उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं. म्हणजे हे पगारी, सरकारी काम! २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली.

सामान्य माणसाला लुबाडायला एवढा खटाटोप लागत नाही. ‘मागचं वीजबिल भरलेलं नाही, आज रात्री वीज तोडू, या नंबरवर फोन करा’ असे मेसेज महाराष्ट्रात इतके फिरले, की महावितरणला वारंवार जाहीर इशारे द्यावे लागले. फोन केला की पलीकडचा ‘साहेब’ मोबाइलचा पडदा दुरून दिसेल असं एक अ‍ॅप घ्यायला लावतो, पडताळणीसाठी दहा रुपये भरा म्हणतो, आणि तेवढ्यात पिन, ओटीपी सगळं त्याच्या डोळ्यांसमोर येतं. इथे फोडायला कुठलाच संगणक नसतो. फोन ठेवून द्यायचा आणि बिल महावितरणच्या स्वतःच्या अ‍ॅपवर पाहायचं. पैसे गेलेच, तर १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब कळवायचं, कारण चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरवली जाते आणि वाटेत असेपर्यंतच बँकांना ती गोठवता येते.