बोलणी फिसकटतात तेव्हा

तंत्रज्ञानाचा इतिहास आपण शोधांच्या तारखांनी लिहितो. मला निवृत्तीच्या तारखा अधिक बोलक्या वाटतात. दूरच्या यंत्राशी गुप्तपणे जोडून घेण्याची ‘एसएसएच’ ही पद्धत याचे चांगले उदाहरण आहे.

१९९५ साली हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरून टिपले गेले. तेव्हाच्या ‘टेलनेट’मध्ये पासवर्ड पोस्टकार्डावरच्या मजकुरासारखा उघडा जाई. यावर उपाय म्हणून तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी एसएसएच रचले. आजच्या एसएसएचमध्ये दोन्ही यंत्रे आधी कोणत्या गणिती पद्धती वापरायच्या ते ठरवतात. दोघांना मान्य अशी पद्धत न सापडल्यास बोलणी तिथेच फिसकटतात.

ती फिसकटू लागली २०१५नंतर. त्या वर्षी मे महिन्यात ‘लॉगजॅम’ संशोधनाने दाखवले, की १०२४ बिटांच्या मूळ संख्येवरची किल्ली-देवघेव बलाढ्य सरकारांच्या आवाक्यात आली आहे. ऑगस्टमध्ये ओपनएसएसएचच्या ७.० आवृत्तीने तशी एक जुनी पद्धत आणि ‘डीएसए’ किल्ल्या मुळातच बंद ठेवल्या. हव्या असल्यास मुद्दाम चालू करण्याची सोय मात्र राखली. २०२१च्या ८.८ आवृत्तीने ‘शा-१’वर आधारलेल्या आरएसए सह्याही तशाच बंद केल्या.

प्रत्येक निर्णय योग्यच होता. पण कपाटातला जुना राउटर किंवा स्विच पंधरा वर्षेही बिनतक्रार चालतो आणि उत्पादकाने त्याचे सॉफ्टवेअर सुधारणे कधीच थांबवलेले असते. नव्या संगणकाला तो दारातच नकोसा होतो. मग देखभाल करणारा वैतागून टेलनेट चालू करतो आणि सुरक्षेच्या नावाखाली आपण पुन्हा १९९५मध्ये, उघड्या पोस्टकार्डापाशी येतो.

शहाणपणाची वाट निराळी आहे. जुन्या पद्धतीची सवलत फक्त त्या एका यंत्रापुरती द्यावी, सरसकट नव्हे. ते यंत्र वेगळ्या, बंदिस्त नेटवर्कवर ठेवावे. आणि ते बदलण्याची तारीख आजच ठरवावी.

डीएसए २०१५मध्ये बंद झाली, ओपनएसएसएचमधून पूर्ण काढली गेली ती २०२५च्या १०.० आवृत्तीत. मधली दहा वर्षे ही जुन्या यंत्रांना निरोप देण्यासाठी मिळालेली मुदत होती. ती मुदत कोणी कशी वापरली, हाही इतिहासाचाच भाग आहे. फक्त तो उत्पादकाच्या माहितीपत्रकात सापडत नाही.