शाई वाळते तेव्हा : इंकजेट प्रिंटर आणि तुंबलेल्या छिद्राचा दीडशे वर्षांचा इतिहास

१. परीक्षेचे प्रवेशपत्र छापायचे असते, आणि दोन महिने स्पर्श न झालेला घरचा प्रिंटर कोऱ्या पट्ट्या ओढलेला कागद बाहेर टाकतो. शाई भरलेली असते, यंत्र सुरू असते, तरी अक्षर उमटत नाही. दोष असतो केसाहूनही बारीक छिद्रात वाळून बसलेल्या शाईचा. हा शत्रू नवा नाही. इंकजेट यंत्राचा सारा इतिहास म्हणजे या एका छिद्राशी चाललेली झुंज आहे.

२. बोरूने लिहिणाऱ्या कारकुनालाही हा शत्रू ठाऊक होता. दौतीतली शाई दाट झाली की त्यात थोडे पाणी घालायचे, बोरूचे टोक वाळले की ओल्या फडक्याने पुसायचे. शाईला दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात : कागदावर तत्काळ वाळायचे आणि लेखणीत मुळीच वाळायचे नाही. या विरोधाचे संपूर्ण उत्तर आजही कोणाला सापडलेले नाही.

३. कथेचा आरंभ समुद्राच्या तळाशी होतो. १८६७ साली विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी ‘सायफन रेकॉर्डर’ या यंत्राचे पेटंट घेतले. हजारो किलोमीटर लांबीच्या समुद्री तारेतून येणारा विद्युतप्रवाह इतका क्षीण असे, की कागदावर टेकलेली लेखणी हलवण्याचेही बळ त्यात नसे. घर्षणानेच संदेश मरून जाई.

४. थॉमसन यांनी लेखणी कागदापासून उचलली. काचेच्या अतिसूक्ष्म नळीचे एक टोक शाईच्या पात्रात आणि दुसरे सरकत्या कागदी पट्टीच्या किंचित वर ठेवले. शाईला विद्युतभार दिला, की ती थेंबाथेंबाने कागदाकडे झेपावे. स्पर्शावाचून लिहिणारे हे यंत्र इंकजेटचे आद्य पूर्वज मानले जाते. १८७० साली मुंबई समुद्री तारांच्या मालिकेने इंग्लंडशी जोडली गेली. अशा दूरच्या तारांवरचे संदेश टिपण्यासाठीच हे यंत्र जन्मले होते.

५. थेंब मुळात का तुटतो, हा प्रश्न भौतिकशास्त्रज्ञांचा होता. फेलिक्स सावार यांनी १८३३ साली फ्रान्समध्ये पाण्याची धार थेंबांत कशी विखुरते, याचा बारकाईने अभ्यास केला. दृष्टी गमावलेल्या बेल्जियन शास्त्रज्ञ जोसेफ प्लाटो यांनी द्रवस्तंभाची लांबी त्याच्या परिघाहून जास्त झाली की तो अस्थिर होतो, हे दाखवले. १८७० च्या दशकाच्या अखेरीस लॉर्ड रॅले यांनी त्यास गणिती रूप दिले. ठरावीक कंपने दिली, तर धार सारख्या आकाराच्या थेंबांत तुटते, हे ज्ञान पुढे प्रिंटरच्या कामी आले.

६. विसाव्या शतकाच्या मध्यावर स्वीडनचे रुने एल्मक्विस्ट यांनी हृदयाच्या विद्युतलहरी शाईच्या बारीक धारेने टिपणारे यंत्र घडवले. त्याचे अमेरिकी पेटंट १९५१ साली मिळाले आणि ‘मिंगोग्राफ’ या नावाने ते रुग्णालयांत वापरले गेले. १९५८ साली मानवी शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर घडवणारेही हेच एल्मक्विस्ट. एकच मनुष्य हृदयाचे ठोके कागदावर उतरवतो आणि ते चालतेही ठेवतो, असा योग विरळाच.

७. १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात रिचर्ड स्वीट यांनी रॅले यांच्या गणिताला यंत्राची जोड दिली. धार कंपनांनी सारख्या थेंबांत तोडायची, प्रत्येक थेंबाला हवा तेवढा विद्युतभार द्यायचा आणि विद्युतक्षेत्राने तो वळवायचा. नको असलेले थेंब पन्हळीत पडून पुन्हा टाकीत जात. धार अखंड वाहती असल्याने काम चालू असताना शाई छिद्रात वाळायला सवडच मिळत नसे. दुधाच्या पिशवीवर, औषधाच्या वेष्टनावर ठिपक्यांनी उमटलेली तारीख अनेकदा याच जातीच्या यंत्राने छापलेली असते.

८. परंतु अखंड धारेला पंप हवा, पन्हळ हवी, शाई परत फिरवणारी नळ्यांची व्यवस्था हवी. घरातल्या मेजावर हा पसारा मावणे कठीण. म्हणून दुसरा विचार पुढे आला : मागणी असेल तेव्हाच थेंब सोडायचा. १९७० च्या दशकात स्टीव्हन झोल्टन यांनी, तसेच काइझर आणि सीअर्स या जोडीने विद्युतदाबाने आकार बदलणाऱ्या पिझो स्फटिकाच्या साहाय्याने थेंब ढकलण्याची पेटंटे मिळवली. १९७७ साली आलेल्या सीमेन्सच्या पीटी-८० या प्रिंटरमध्ये अशी बारा छिद्रे होती.

९. यंत्र साधे झाले, पण शत्रू परतला. थेंब हवा तेव्हाच सोडायचा, म्हणजे उरलेला सारा वेळ शाई छिद्राच्या तोंडाशी स्थिर उभी राहणार. तेथे तिचा हवेशी संबंध येतो, पाणी उडून जाते, शाई घट्ट होते आणि अखेर रंग साखळतो. नेमके तंत्र हवे, तर तुंबण्याचा धोका पत्करावा लागतो, हा सौदा याच टप्प्यावर ठरला.

१०. १९७७ साली जपानमध्ये कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेल्या डाखणीचा चुकून स्पर्श झाला आणि सुईतून शाई उडाली, असा प्रसंग सांगितला जातो. इचिरो एंडो यांनी त्यातले तत्त्व हेरले : उष्णतेने क्षणात बुडबुडा निर्माण करा, तो शाईला बाहेर लोटेल. थोड्याच काळात अमेरिकेत हेवलेट-पॅकार्डचे जॉन व्हॉट हेही स्वतंत्रपणे याच तत्त्वाशी पोहोचले.

११. उष्णतेने नवा दोष आणला. शाईतील द्रव्ये तापलेल्या पृष्ठावर करपून थर धरतात आणि बुडबुडा दुबळा होतो. जपानी अभियंत्यांनी ‘कोगे’, म्हणजे करपणे, या शब्दावरून त्याला ‘कोगेशन’ असे नाव दिले. दूध उतू जाऊन पातेल्याच्या बुडाला धरणारी करप आठवली, की हा दोष उमगतो.

१२. १९८४ साली हेवलेट-पॅकार्डने ‘थिंकजेट’ बाजारात आणला. त्यात बारा छिद्रांचे हेड शाईच्या कार्ट्रिजमध्येच बसवलेले होते. शाई संपली की हेडही फेकून द्यायचे. तुंबले, करपले, झिजले, तरी काळजी नाही. नवे कार्ट्रिज घाला. दुरुस्तीचा प्रश्न सोडवण्याऐवजी तो केराच्या टोपलीत टाकण्यात आला. १९८८ च्या डेस्कजेटने साध्या कागदावर ३०० ठिपके प्रति इंच छपाई सुमारे १,००० डॉलरांत दिली आणि घराघरांची वाट मोकळी केली.

१३. याची किंमत शाईने मोजली. यंत्र स्वस्त आणि कार्ट्रिज महाग अशी रीत रूढ झाली. एप्सनने मात्र १९९३ च्या ‘स्टायलस ८००’ पासून पिझो हेड यंत्रातच कायमचे बसवले. ते हेड टिकाऊ, पण तुंबले तर बदलणे खर्चिक. म्हणून स्वच्छतेची व्यवस्था यंत्रातच आली : काम संपले की हेडवर टोपी बसते, रबरी पट्टी तोंड पुसते, पंप अडकलेली शाई ओढून घेतो.

१४. २०१० साली एप्सनने इंडोनेशियात बाटलीने भरण्याच्या टाकीचे प्रिंटर आणले. बाहेरचे कारागीर घरोघरी अशा टाक्या जोडून देतच होते. बाजाराने कंपनीला वळण लावले, असे म्हणता येईल. हे प्रिंटर भारतातही आले. त्यांत हेड कायमचे, शाई स्वस्त, आणि दुरुस्तीची विद्या पुन्हा घरी परतलेली.

१५. हा इतिहास ठाऊक असला, की दुरुस्तीचे प्रत्येक पाऊल अर्थपूर्ण वाटते. प्रथम छिद्रतपासणीचा नमुना छापावा. पट्ट्या तुटलेल्या दिसल्या, तर ‘हेड क्लीनिंग’ दोन-तीनदा करावे आणि मग कित्येक तास थांबावे. त्या अवधीत वाळलेली शाई मऊ होते आणि अडकलेली हवा विरघळते. सलग दहा वेळा सफाई केल्याने शाई वाया जाते, आणि तीच यंत्राच्या तळाच्या शोषक गादीत साठून पुढे यंत्र थांबवते.

१६. कार्ट्रिजमध्येच हेड असेल, तर कोमट डिस्टिल्ड पाण्याने ओल्या केलेल्या, तंतू न सोडणाऱ्या फडक्यावर छिद्रे क्षणभर टेकवावीत आणि हलके टिपावे. तांबूस विद्युतसंपर्क कोरडे ठेवावेत. कायमच्या हेडखाली तसाच ओला कागद काही तास ठेवता येतो. बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरू नये, आणि टाचणीने छिद्र कोरू तर मुळीच नये.

१७. सर्वांत मोठी सवय मात्र भिंतीवरची आहे. अनेक घरांत प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने बंद केला जातो. त्यामुळे छपाईच्या मध्येच वीज गेली, तर हेडवर टोपी बसत नाही आणि ते उघडेच वाळत राहते. यंत्राचे स्वतःचे बटण दाबून, टोपी बसल्याचा आवाज ऐकून मग वीज काढावी. आठवड्यातून एकदा एक रंगीत पान छापावे. वाहती शाई वाळत नाही, हे स्वीट यांच्या यंत्राने केव्हाच दाखवून दिले आहे.

१८. दौतीत चमचाभर पाणी घालणारा कारकून आणि हेडखाली ओला कागद ठेवणारा आजचा विद्यार्थी एकाच प्रश्नापुढे उभे आहेत. फरक इतकाच, की मधल्या काळात कोणी समुद्रापारचे संदेश टिपले, कोणी हृदयाचे ठोके मोजले, आणि शाईचा थेंब मानवाच्या आज्ञेत आला. तो पूर्ण आज्ञेत आलेला नाही, याची आठवण प्रवेशपत्रावरची कोरी पट्टी करून देते.