ममिऱ्याचे पिवळेपण

हिमालयाच्या उतारांवर वाढणाऱ्या थॅलिक्ट्रम फोलिओलोसमची मुळी मोडली की आतून हळदीसारखी पिवळीधमक दिसते आणि जिभेला कडूजहर लागते. पहाडी लोक तिला 'पीली जडी' म्हणतात. बाजारात ती 'ममीरा' म्हणूनही विकली जाई. मिश्मी टेकड्यांतल्या कॉप्टिसची मुळीही याच नावाने विकली जाई. दोन्हींचा उपयोग डोळ्यांच्या विकारांवर होई. एका नावाखाली दोन वनस्पती म्हणजे भेसळ, असे कोणीही म्हणेल. पण या मुळ्यांतली अल्कलॉइडे वेगळी करण्याचा इतिहास पाहिला, तर बाजाराची पारख खोटी नव्हे, अपुरी होती, असे माझे मत आहे.

ती खोटी का नव्हती, हे बर्बेरीन नावाचे अल्कलॉइड सांगते. 1830च्या दशकात युरोपातल्या बार्बेरीच्या झुडपातून ते निघाले. आपल्या दारुहळदीत ते आहे, कॉप्टिसमध्ये आहे आणि पीली जडीतही आहे. बाजाराने रंग आणि कडवटपणा पाहून माल पारखला, आणि या दोन्ही खुणा बर्बेरीनच्याच आहेत. शिवाय नावांचा घोळ प्रयोगशाळेलाही चुकला नाही. पीली जडीतल्याच एका अल्कलॉइडाला 'थॅलिक्ट्रीन' म्हटले गेले. ते मॅग्नोलियातले मॅग्नोफ्लोरीनच निघाले.

मग कोणतीही पिवळी मुळी चालेल, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर काचेच्या भांड्यात मिळते. मुळीची भुकटी अल्कोहोलमध्ये मुरवून अर्क आटवतात, तो सौम्य आम्लात घेऊन गाळतात, मग अमोनिया घालून ईथरबरोबर हलवतात. पिवळे बर्बेरीन खाली पाण्यातच राहते. वरच्या फिक्या ईथरमध्ये मात्र वेगळीच अल्कलॉइडे उतरतात, आणि त्यांची खूण ना रंगात असते ना बाजाराच्या नजरेत. 1963मध्ये रसायनशास्त्रज्ञ कुपचन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या थॅलिक्ट्रम डॅसिकार्पममधून काढलेले थॅलिकार्पीन याच जातीचे: दोन रेणू ऑक्सिजनच्या पुलाने जोडलेले. प्राण्यांतल्या कर्करोगाच्या गाठींवर त्याचा परिणाम दिसला, पण माणसांवरच्या चाचण्यांत ते टिकले नाही. म्हणून हा खटाटोप वाया गेला, असेही कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. मुळीत काय आहे हे कळल्याशिवाय ती काय करणार नाही, हेही कळत नाही. वनस्पतीचे नेमके नाव आणि तिच्यातल्या अल्कलॉइडांची ओळख, दोन्ही हाती असल्याशिवाय कोणत्याही मुळीला औषध म्हणू नये.