सुप्याच्या बाजारात जळलेली खतं

एकतीस वर्षं मी दिवाणी न्यायालयात नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ नाझर म्हणून. कुठल्या बेलिफाने कुठल्या गावचं समन्स न्यायचं, हे माझ्या टेबलावर ठरायचं. संध्याकाळी बेलिफ परतले की त्यांचे शेरे वाचायचे: 'प्रतिवादी मिळून आला नाही', 'घरास कुलूप', 'समन्स घेण्यास नकार, दारावर चिकटवले'. पुढचं सगळं मला पाठ होतं. एकतर्फी हुकूमनामा, मग दरखास्त, मग जप्ती. माणूस तारखेला येत का नाही, हा प्रश्न मला फार छळायचा. त्याचं उत्तर शोधता शोधता मी 1875 सालच्या सुप्याला जाऊन पोचलो.

सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा भीमथडीत होतं. 12 मे 1875, बुधवार. बाजाराला जमलेल्या कुणब्यांनी साहुकारांच्या पेढ्यांना वेढा घातला आणि वह्या, खतं, रोखे मागितले. कापड लुटलं गेलं, धान्य लुटलं गेलं, पण ढीग रचून पेटवले ते कागद. पुढे हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पसरलं. ज्या साहुकाराने कागद निमूट काढून दिले, त्याला बहुधा कुणी हात लावला नाही. सरकारने 951 माणसं धरली. दख्खनच्या दंग्यांवर चौकशी आयोग बसला, आणि त्याचा अहवाल 1878 साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला.

लोकांचा राग कागदावर का होता? पेशवाईतही साहुकार होते, कर्ज होतं, तगादा होता. धनको दारात धरणं धरून बसायचा, वाद विकोपाला गेला तर पंचायत बसायची. दामदुपटीची रीत होती, म्हणजे एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज मागता येत नसे. आणि पंचांना त्या घरची विहीर, बैल, बुडालेलं पीक, सगळं ठाऊक असायचं. इंग्रजी अमलात हा निवाडा गावातून उठून कोर्टात गेला. मुनसफापुढे खत ठेवलं जायचं आणि त्याच्या तळाशी कुणब्याचा अंगठा असायचा. अंगठा कोणत्या वर्षी, किती उपाशी असताना उमटवला, हे खतात लिहिलेलं नसे.

1859 साली मुदतीचा कायदा आला. साध्या खतावर तीन वर्षांतच दावा लावता येईल, असं ठरलं. व्याज वर्षानुवर्षं साचू नये, हा त्यामागचा हेतू. घडलं उलटंच. तिसरं वर्ष सरत आलं की साहुकार थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून नवं खत करून घेई, आणि व्याजावर व्याज चढे. 100 रुपयांच्या एका कर्जावर 2,000 रुपयांहून जास्त व्याज लावल्याचं प्रकरण आयोगापुढे आलं होतं.

त्यातच अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरला कापूस मिळेना. आपल्याकडे कापसाला भाव आला, तसं कर्जही हवं तेवढं मिळू लागलं. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले. साहुकारांनी हात आखडता घेतला. त्याच सुमाराला सारावाढ आली, कुठे निम्म्याने, कुठे दुप्पट. मग दाव्यांचा पाऊस पडला. समन्स कित्येकदा पोचतच नसे. पोचलं तरी पेरणी सोडून लांबच्या कोर्टात जायचं कुणी, आणि तिथे आपलं ऐकणार कोण? बहुतेक दावे एकतर्फी निघत. डिसेंबर 1874 मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावी एका साहुकाराने हुकूमनामा बजावून एका देशमुखाचं घर पाडायला काढलं. गावाने साहुकारांवर बहिष्कार घातला. न्हाव्याने हजामत बंद केली, पाणक्याने पाणी. पाच महिन्यांनी सुपे पेटलं.

त्यानंतर जे झालं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. 1879 साली पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट झाला. न्यायाधीशाने नुसतं खत बघून हुकूमनामा द्यायचा नाही. प्रतिवादीला बोलवायचं, विचारायचं, आणि व्यवहार पहिल्या रुपयापासून उलगडायचा. दावा कर्जदाराच्या भागातल्या कोर्टात लावायचा. परतफेडीला हप्ते बांधून द्यायचे. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. पैसे घेणाऱ्याने पावती दिलीच पाहिजे. दावा लागण्याआधी समेट घडवायला गावोगावी समेटकर्ते नेमले गेले. न्यायमूर्ती रानड्यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून कितीतरी वर्षं काम केलं. कायद्याला पळवाटाही फुटल्या. गहाणखताऐवजी साहुकार सरळ खरेदीखत मागू लागले. तरी त्या चार जिल्ह्यांत न्यायाधीशाला खताबाहेर पाहावं लागलं, कुणब्याचं तोंड उघडेपर्यंत थांबावं लागलं.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी गल्लीतला एक पोरगा समन्स घेऊन माझ्या घरी आला. कारखान्यात हंगामी कामावर होता. क्रेडिट कार्डाचे 48,000 रुपये थकले होते, दावा 1,93,000 चा होता. तो म्हणाला, "काका, महिनाभर मामाकडे जाऊन राहतो. सापडलो नाही तर काय करतील?" त्याला मी समोर बसवलं आणि बेलिफाचे शेरे सांगितले. मग सुपे सांगितलं.

मी त्याला दोन गोष्टी बजावल्या. तारखेला उभं राहायचं, वकील देऊन मुदतीत कैफियत द्यायची. आणि फोनवर कुणी "थोडे भरा, एवढ्या कागदावर सही करा" म्हणालं, तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करायची नाही. दावा लावायची मुदत आजही तीन वर्षांचीच आहे, आणि मुदत चालू असताना लेखी कबुली दिली की ती पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. खत फिरवून देणाऱ्या कुणब्याची गोष्ट ऐकल्यावर त्याला हे लगेच कळलं.

त्याचा दावा मुदतीत होता. देणंही खरं होतं, आणि ते त्याने कबूल केलं. पण कैफियतीत त्याने महिन्यागणिक हिशेब मागितला. उतारा आला, तेव्हा दंडावर व्याज आणि व्याजावर दंड कसा चढला, ते ओळीओळीने दिसलं. प्रकरण लोकअदालतीत गेलं आणि 70,000 वर, दहा हप्त्यांत मिटलं.

शेवटचा हप्ता भरून तो बेबाकीचं पत्र दाखवायला आला. फोटोकॉपी मला दिली, आणि म्हणाला, "मूळ आईच्या ट्रंकेत ठेवलंय." मी ती सुप्याच्या टिपणांच्या फायलीत लावली.